कंपनीची गाडी म्हणून लहान इंजिनची फॅमिली गाडी: सोलापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

चिंचोळी आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्यांतून, टॉवेल-चादरीच्या पेढ्यांतून आणि औषध कंपन्यांच्या फिरत्या प्रतिनिधींकडून वारंवार आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. पगारावरच्या कराचे आकडे आर्थिक वर्ष 2025-26 पर्यंत लागू असलेल्या 1962 च्या आयकर नियमावलीतले आहेत. 1 एप्रिल 2026 पासून आयकर कायदा 2025 लागू आहे, म्हणून त्या तारखेनंतरच्या पगारासाठी नव्या नियमावलीतला आकडा तुमच्या पगारपत्रक करणाऱ्याकडून घ्या आणि खालच्या हिशेबात तो घाला.

1. स्टेशन वॅगन म्हणजे नेमकी कोणती गाडी? ती आता मिळते का?

सेदान गाडीचं छप्पर मागेपर्यंत तसंच ओढून, डिकीला वर उघडणारं दार लावलं की स्टेशन वॅगन होते. बसायला सेदानसारखी, सामानाला जीपसारखी. आपल्याकडे 1992 मध्ये टाटा इस्टेट आली, नंतर इंडिगो मरीना, बलेनो अल्तुरा, ऑक्टाव्हिया कॉम्बी अशा काही येऊन गेल्या. आज लहान इंजिनची नवी स्टेशन वॅगन शोरूममध्ये नाही. ते काम आता तीन रांगांच्या गाड्या करतात: मारुती एर्टिगा आणि तिचीच टोयोटा बहीण रूमियन, सहा आसनी एक्सएल6, किया कॅरेन्स, रेनो ट्रायबर. या पानावर 'फॅमिली गाडी' म्हटलं की याच गाड्या समजा.

2. लहान इंजिन म्हणजे किती सीसीपर्यंत?

इथेच सगळ्यांचा गोंधळ होतो, कारण सरकारच्या दोन मोजपट्ट्या आहेत आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत.

आयकराची मोजपट्टी फक्त इंजिन पाहते: 1.6 लिटर, म्हणजे 1600 सीसी. गाडी किती लांब, किती महाग, याच्याशी तिला देणंघेणं नाही. जीएसटीची मोजपट्टी इंजिन आणि लांबी दोन्ही पाहते. 22 सप्टेंबर 2025 पासून पेट्रोल किंवा सीएनजी गाडी 1200 सीसीपर्यंत आणि 4 मीटरच्या आत असेल, किंवा डिझेल गाडी 1500 सीसीपर्यंत आणि 4 मीटरच्या आत असेल, तर 18 टक्के. यातली एकही अट मोडली की 40 टक्के.

म्हणून 1462 सीसीची एर्टिगा आयकराला लहान आणि जीएसटीला मोठी. 999 सीसीची, 4 मीटरच्या आतली ट्रायबर दोन्हीकडे लहान. ह्युंदाई अल्काझार आणि एमजी हेक्टर प्लसचं पेट्रोल मॉडेल दिसायला ऐसपैस असूनही 1600 च्या आतच आहेत. इनोव्हा क्रिस्टा (2393 सीसी) आणि हायक्रॉस (1987 सीसी) बाहेर.

3. कंपनीने गाडी दिली तर माझ्या पगारावर कर किती वाढतो?

गाडी कंपनीची किंवा कंपनीने भाडेपट्ट्यावर घेतलेली असेल, तुम्ही ती कामाला आणि घरी दोन्हीकडे वापरत असाल आणि पेट्रोल-दुरुस्ती कंपनी भरत असेल, तर 1600 सीसीपर्यंतच्या गाडीसाठी दरमहा 1,800 रुपये तुमच्या पगारात मिळवले जातात. त्याहून मोठ्या इंजिनाला 2,400. कंपनीने ड्रायव्हर दिला असेल तर आणखी 900. घरच्या वापराचं पेट्रोल तुम्ही स्वतः भरत असाल तर हेच आकडे 600 आणि 900 होतात, ड्रायव्हरचे 900 तसेच राहतात.

लक्षात घ्या, हा कर नव्हे. ही रक्कम उत्पन्नात मिळवायची आणि तिच्यावर तुमच्या स्लॅबप्रमाणे कर लागतो. नवी करप्रणाली घेतली असली तरी हेच मूल्य लागतं. ही वजावट नसून गाडीच्या सोयीचं मूल्य ठरवण्याची पद्धत आहे.

4. म्हणजे 1600 सीसीच्या वर गेलो तर मोठं नुकसान?

नाही. फरक दरमहा 600 रुपयांचा, वर्षाला 7,200. तुम्ही 30 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर उपकर धरून वर्षाचा जादा कर 2,246 रुपये. एवढ्यासाठी कुणी आपल्या गरजेची गाडी सोडू नये. लहान इंजिन घ्यावं ते गाडीची किंमत, पेट्रोल आणि विम्याचा हप्ता कमी पडतो म्हणून. कराचा खरा फरक सीसीत नाही, पासिंग कुणाच्या नावावर होतं त्यात आहे. तो पुढच्या उत्तरात.

5. पासिंग कंपनीच्या नावावर करावं की माझ्या?

हा या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि दुर्दैवाने तो बहुतेक जण बुकिंगची रक्कम भरल्यावर विचारतात.

महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरच्या पेट्रोल गाडीला एकरकमी वाहन कर 10 लाखांपर्यंत 11 टक्के, 10 ते 20 लाखांत 12 टक्के आणि त्यावर 13 टक्के आहे. डिझेलला तेच 13, 14 आणि 15. गाडी कंपनीच्या नावावर असेल तर पेट्रोल असो वा डिझेल, सरसकट 20 टक्के. म्हणजे 11 लाखांची पेट्रोल गाडी तुमच्या नावावर घेतली तर एमएच 13 ची पाटी लागताना 1,32,000 रुपये आणि कंपनीच्या नावावर घेतली तर 2,20,000. फरक 88,000.

हा आकडा ऐकून लोक लगेच गाडी स्वतःच्या नावावर घ्यायला निघतात. थांबा, हिशेबाची दुसरी बाजू आहे. गाडी तुमची असेल आणि कंपनी खर्च भरून देत असेल, तर भरून दिलेल्या रकमेतून फक्त 1,800 रुपये (1600 सीसीपर्यंत, ड्रायव्हर असल्यास आणखी 900) वजा होतात आणि उरलेली रक्कम पगार धरली जाते. समजा कंपनी दरमहा 12,000 देते. त्यातले 10,200 करपात्र. गाडी कंपनीची असती तर करपात्र रक्कम 1,800 असती. दरमहा 8,400 चा फरक, वर्षाला 1,00,800. तीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये वर्षाचा जादा कर 31,450 रुपयांच्या आसपास, वीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये सुमारे 20,966.

शिवाय वाहन कर कंपनीच्या गाडीच्या किमतीत मिळवला जातो आणि त्यावर कंपनीला दरवर्षी 15 टक्के घसारा (गाडी जुनी होते त्यापोटी खर्च धरायची रक्कम) मिळतो. म्हणजे 88,000 पूर्ण वाया जात नाहीत.

माझं स्पष्ट मत: फिरती जास्त, पेट्रोल सगळं कंपनीचं आणि नोकरी तीन-चार वर्षं तरी हलणार नाही, तर कंपनीच्या नावावर. फिरती कमी किंवा नोकरी बदलायचा विचार आहे, तर स्वतःच्या नावावर घ्या आणि लॉगबुक काटेकोर ठेवा (प्रश्न 11). लॉगबुक असेल तर 1,800 च्या मर्यादेपलीकडचा कामाचा खर्चही करातून वगळता येतो, आणि मग वरचा सगळा हिशेब स्वतःच्या गाडीच्या बाजूला झुकतो.

6. कंपनीचं जीएसटी रजिस्ट्रेशन आहे. गाडीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट (कंपनीला भरायच्या जीएसटीतून वजावट) मिळेल ना?

नाही. चालकासह 13 पर्यंत आसनं असलेल्या प्रवासी गाडीचं क्रेडिट सीजीएसटी कायद्याच्या कलम 17(5) ने अडवलं आहे. गाडी विकण्याचा, प्रवासी वाहतुकीचा किंवा ड्रायव्हिंग शिकवण्याचा धंदा असेल तरच अपवाद. गाडी भाडेपट्ट्यावर घेतली तरी तेच. टॉवेलचा कारखाना असो की सूतगिरणी, जीएसटी हा तुमचा खर्चच. दहा लाखांवरच्या गाडीवर विक्रेता 1 टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच गोळा केलेला आयकर) घेतो, ती रक्कम मात्र कंपनीच्या पॅनवर जमा होते आणि विवरणपत्रात परत मिळते. बिलावर पॅन कुणाचा पडतो ते शोरूममध्येच तपासा.

7. एर्टिगा, कॅरेन्स की ट्रायबर?

आधी आठवडाभराचं वजन मोजा. सोमवार ते शनिवार गाडीत काय जातं आणि रविवारी कोण बसतं, या दोन गोष्टींवर निवड ठरते.

तिसरी रांग उभी ठेवून सामान न्यायचं असेल तर यातली एकही गाडी मोठी नाही. एर्टिगाची डिकी अशा वेळी 209 लिटरची, कॅरेन्सची 216, ट्रायबरची 84. चादरीच्या सॅम्पलचे दोन बांधलेले गठ्ठे गेले की संपलं. खरी जागा तिसरी रांग दुमडल्यावर मिळते: एर्टिगात 550 लिटर. ट्रायबरची तिसरी रांग उचलून घरीच ठेवता येते आणि मग 625 लिटर मोकळे होतात. आठवडाभर सॅम्पल आणि रविवारी आईवडिलांसह तुळजापूर, असा ज्याचा क्रम आहे त्याला ही सोय फार कामाची आहे.

ट्रायबरची मर्यादा इंजिन. 999 सीसी, तीन सिलिंडर, 72 पीएस (इंजिनाच्या ताकदीचं माप). शहरात, अक्कलकोटला, बार्शीला काहीच अडचण नाही. सात माणसं आणि सामान घेऊन वारंवार पुण्याला जायचं असेल तर मी ती सुचवणार नाही.

एर्टिगाचं इंजिन सुमारे 103 पीएसचं. जोरकस नाही, पण समजूतदार आहे. तिची मोठी जमेची बाजू म्हणजे तिचं काम येणारा मेकॅनिक आणि तिचे सुटे भाग कुठल्याही तालुक्याला मिळतात, आणि जुनी विकताना गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. कंपनीची गाडी तीन-चार हातांतून जाते, तिथे याला किंमत आहे.

कॅरेन्स तिघींत सर्वांत लांब, 4540 मिलिमीटर. तिसऱ्या रांगेत मोठ्या माणसाला त्यातल्या त्यात बरं बसता येतं. तीन इंजिनं आहेत, तिन्ही 1500 सीसीच्या आत: साधं पेट्रोल 115 पीएस, टर्बो पेट्रोल 160, डिझेल 116. नव्या पेठेतल्या गल्लीत आणि जुन्या वाड्याच्या बोळात मात्र तिची लांबी रोज जाणवेल.

8. मे महिन्यात सात माणसं, एसी फुल आणि लहान इंजिन. दम लागत नाही का?

सोलापूरचा पारा 43 च्या पुढे जातो, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. पुणे रस्ता सपाट आहे. तिथे एकदा वेग धरला की दीड लिटरचं इंजिन आरामात चालतं. दम लागतो तो ओव्हरटेक करताना आणि तुळजापूरच्या घाटात. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाला अशा वेळी एक गिअर खाली घ्यावाच लागतो, ती सवय ड्रायव्हरला लावा. मागच्या रांगांना एसीचे वेगळे झरोके असणं आपल्याकडे अत्यावश्यक समजा. चाचणीच्या फेरीला दुपारी दोन वाजता जा, घरच्या मंडळींना तिसऱ्या रांगेत बसवा आणि मगच सही करा. टायरची हवा पूर्ण भाराप्रमाणे ठेवा. तो आकडा ड्रायव्हरच्या दारालगतच्या पट्टीवर छापलेला असतो.

9. पेट्रोल, डिझेल की सीएनजी?

रोज शहर ते चिंचोळी एवढीच फेरी असेल तर डिझेल नको. बीएस6 डिझेलच्या धुराच्या गाळणीत काजळी साठते आणि ती जळून जायला सलग लांब धाव लागते. आठवड्यातून दोनदा पुणे, हैदराबाद किंवा विजयपूर होत असेल तर कॅरेन्सचं डिझेल शोभतं.

सीएनजीवर एर्टिगाचं कागदोपत्री ॲव्हरेज किलोला 26.11 किलोमीटर आणि पेट्रोल मॅन्युअलचं लिटरला 20.51. प्रत्यक्षात दोन्ही कमी भरतात, पण सीएनजी स्वस्तच पडते. त्या बदल्यात टाकी डिकीत येते आणि इंजिनाची ताकद 88 पीएसवर उतरते. सॅम्पल नेणाऱ्याने सीएनजी घेताना आपली पेटी डिकीत ठेवून पाहावी. टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) दर 3 वर्षांनी करावी लागते.

10. सुरक्षिततेचं काय?

2024 मध्ये गाड्या धडकवून तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप संस्थेने तपासलेल्या दोन एअरबॅगच्या एर्टिगाला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी एकच तारा मिळाला होता. 2025 पासून सहा एअरबॅग सर्व मॉडेलना आल्या, हे चांगलं झालं, पण गाडीचा सांगाडा एअरबॅगने बदलत नाही. माझा आग्रह एवढाच की तिसऱ्या रांगेतसुद्धा प्रत्येकाने पट्टा लावावा आणि लहान मुलांना तिथे बसवू नये. मागून धडक बसली तर तिसऱ्या रांगेच्या पाठीमागे फारच थोडी जागा उरते.

11. लॉगबुक ठेवायचं म्हणजे काय लिहायचं?

तारीख, कुठून कुठे, किती किलोमीटर, काय खर्च. गाडी फक्त कामासाठीच वापरली असेल तर या नोंदी आणि खर्च केवळ कंपनीच्या कामाचा असल्याचा कंपनीचा दाखला, एवढ्यावर तुमच्या पगारात काहीच मिळवलं जात नाही. नोंद रोज करा. मार्चमध्ये एका बैठकीत, एकाच पेनाने लिहिलेली वही अधिकाऱ्याला लगेच ओळखू येते. टोलच्या पावत्या आणि वहीतल्या तारखा जुळल्या पाहिजेत.

12. घर ते कारखाना हा प्रवास खासगी धरतात का?

कंपनीने दिलेल्या वाहनातून घर ते कामाचं ठिकाण आणि परत, हा फुकट मिळालेला लाभ समजायचा नाही, असं आयकर कायद्यातच स्पष्टीकरण होतं (1961 च्या कायद्याचं कलम 17). जुळे सोलापूरहून अक्कलकोट रोडला रोज जाणाऱ्याने काळजी करू नये. वाटेत मुलांना शाळेत सोडणं आणि रविवारची पंढरपूरची फेरी मात्र खासगीच.

13. मी घरच्या वापरापोटी कंपनीला दरमहा 2,000 रुपये देतो. ते 1,800 मधून वजा होतील ना?

नाही, आणि हे फार जणांना माहीत नसतं. दुहेरी वापराच्या गाडीचं मूल्य ठोक ठरवलेलं आहे. त्यातून तुम्ही दिलेली रक्कम वजा होत नाही. गाडी पूर्णपणे खासगी वापरासाठी दिली असेल तेव्हाच ती वजावट मिळते. त्यापेक्षा घरचं पेट्रोल स्वतः भरा, म्हणजे 600 चा आकडा लागेल (प्रश्न 3).

14. कंपनीने दोन गाड्या दिल्या आहेत. एक माझ्याकडे, एक घरी.

1,800 किंवा 2,400 चं मूल्य एकाच गाडीला लागतं. दुसरी पूर्ण खासगी धरतात: तिचा प्रत्यक्ष खर्च, ड्रायव्हरचा पगार आणि गाडीच्या किमतीच्या वर्षाला 10 टक्के, हे सगळं तुमच्या उत्पन्नात. बारा लाखांच्या गाडीचे नुसते घसाऱ्यापोटी 1,20,000. दुसरी गाडी घरच्यांनी स्वतः घेतलेली बरी.

15. आमचा कारखाना प्रोप्रायटरी आहे. मी मालक. मला हे सगळं लागू आहे का?

प्रश्न 3, 13 आणि 14 पगारदारांसाठी आहेत, तुम्हाला नाहीत. मालक स्वतःला पगार देत नाही. पासिंग तुमच्या नावावर म्हणजे व्यक्तीच्या दराने वाहन कर. पेट्रोल, विमा, घसारा धंद्यात टाकता येतो, पण खासगी वापराचा वाजवी हिस्सा स्वतःहून वगळा. लॉगबुक तुम्हालाही उपयोगी. भागीदारी पेढीत गाडी पेढीच्या नावावर घ्यायची की भागीदाराच्या, हे ठरवण्याआधी वाहन कराचा आकडा आरटीओतून काढून घ्या.

16. नोकरी सोडताना ती गाडी मला स्वस्तात देणार आहेत. त्यात काही अडचण?

अडचण नाही, हिशेब आहे. कंपनीच्या मूळ किमतीतून प्रत्येक पूर्ण वर्षाला 20 टक्के, उरलेल्या रकमेवर, वजा करतात. बारा लाखांची गाडी तीन वर्षांनी 6,14,400 ची धरली जाते. तुम्ही 4,00,000 दिले तर 2,14,400 तुमच्या पगारात मिळवले जातात.

'पूर्ण वर्ष' हे शब्द नीट वाचा. दोन वर्षं अकरा महिन्यांनी गाडी घेतली तर दोनच वर्षं मोजतात आणि किंमत 7,68,000 धरतात. एक महिना थांबलात तर 1,53,600 रुपये करपात्र रकमेतून सुटतात. राजीनाम्याची तारीख ठरवताना गाडीच्या खरेदीची तारीख समोर ठेवा.

कंपनीच्या बाजूने जुन्या गाडीवर जीएसटी 18 टक्के, तोही फक्त फायद्यावर, म्हणजे विक्री किंमत वजा आयकराचा घसारा काढून उरलेली किंमत. पंधरा टक्क्यांनी तीन वर्षं पूर्ण घसारा धरला तर बारा लाखांचे 7,36,950 उरतात. विक्री 4,00,000 ला झाली तर फायदा नाही, म्हणून जीएसटी नाही. अट एकच, खरेदीच्या वेळी क्रेडिट घेतलेलं नसावं.

17. गाडीचा विमा नोकरी देणाऱ्या कंपनीच्या नावावर असला तर काय वेगळं?

मालक-चालकाचा सक्तीचा वैयक्तिक अपघात विमा व्यक्ती-मालकालाच मिळतो. कंपनी ही व्यक्ती नव्हे. म्हणून गाडी चालवणाऱ्यासाठी आणि बसणाऱ्यांसाठी वेगळं अपघात संरक्षण मागून घ्यावं लागतं. पॉलिसी हातात आली की ते पान आधी उघडा. नो क्लेम बोनस कंपनीचा राहतो, गाडी तुमच्या नावावर झाली तरी तो तुमच्याकडे येत नाही.

18. फास्टॅगचा वार्षिक पास घेतला तर पुणे फेऱ्यांना फायदा होतो का?

होतो. 15 ऑगस्ट 2025 ला सुरू झालेला पास 200 फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल तोवर चालतो. सुरुवातीची किंमत 3,000 रुपये होती. एका टोलनाक्यावरून एकदा जाणं म्हणजे एक फेरी. सोलापूर-पुणे हा राष्ट्रीय महामार्ग 65 असल्याने सावळेश्वर, वरवडे आणि पुढचे नाके त्यात येतात. राज्य महामार्गाच्या नाक्यांवर मात्र नेहमीसारखे पैसे कापले जातात. पास फक्त खासगी वापराच्या कार, जीप आणि व्हॅनला आहे, पिवळ्या पाटीला नाही.

19. मित्राची पांढऱ्या पाटीची एर्टिगा कंपनीला मासिक भाड्याने लावू का?

लावू नका. भाड्याने प्रवासी न्यायला परवाना आणि पिवळी पाटी लागते. पांढऱ्या पाटीच्या गाडीला भाड्यावर असताना अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते, आणि मग भरपाईचा बोजा थेट तुमच्या मित्रावर येतो. महिन्याच्या भाड्यानेच गाडी हवी असेल तर परवाना असलेल्या वाहतूकदाराकडून घ्या, आणि करारासोबत परवाना, फिटनेस व विमा या तिन्हींच्या प्रती मागा.